अक्षरांतलं कुंकू

१

कॉम्प्युटरच्या आतल्या कूलरचे स्क्रू सैल करून हर्षालीने पंखा वर उचलला, तर त्याच्या बुडाला चिकटून प्रोसेसरही उपटून आला. असं व्हायला नको होतं. सकाळी तिने तो सॉकेटमध्ये बसवला होता आणि शेजारची बारीक दांडी दाबून स्वतःच्या हाताने अडकवली होती. आता ती दांडी उभी होती, आणि प्रोसेसरच्या एका कोपऱ्यातल्या पिना चक्क आडव्या पडल्या होत्या.

बाहेरच्या खोलीत हसणं-खिदळणं चाललं होतं. अधिक महिना होता आणि आईने लेक-जावयाला धोंड्याचं जेवण केलं होतं. दुपारी पुरणाचे धोंडे झाले, तिन्हीसांजेला जावयाचे पाय धुऊन झाले, तेहतीस अनारशांचं वाण ताटात घालून झालं. आणि आत, पंचवटीतल्या त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्याच घराच्या मागल्या खोलीत, हर्षालीचा नवा कॉम्प्युटर मेला होता.

नवा म्हणजे अर्धाच नवा. कॅबिनेट, म्हणजे बाहेरचं खोकं, तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या वेळचं, त्यावरची कंपनीच्या नावाची पट्टीसुद्धा कधीच गळून पडलेली. हार्ड डिस्क जुनी, पडदा जुना. बदलला फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम. एवढ्यासाठी तिने वर्षभर शेजारपाजारच्या मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या घेतल्या, आणि दिवाळीत ड्रेस घेतला नाही. बोर्डही तिने विचार करून निवडला होता. जुन्याच चालीच्या सॉकेटचा, म्हणून स्वस्त. गेल्या चार-पाच वर्षांतला त्या जातीचा कुठलाही प्रोसेसर त्यात बसतो. मग प्रोसेसर सेकंडहँड पण दमदार, आठ कोअरचा, म्हणजे एका वेळी आठ कामं ओढणारा. जोडणीसुद्धा तिने स्वतःच केली.

आणि सकाळी तो चालला होता. पडद्यावर प्रोसेसरचं नाव आलं होतं, पुढे आठाचा आकडा आला होता, आणि ती स्वतःशीच हसली होती. गंगापूर रोडच्या एका आर्किटेक्टने तिला एका बंगल्याची थ्रीडी चित्रं करायला दिली होती. सोमवारी ती पोचली आणि पसंत पडली, तर पुढचं काम घरबसल्या कायमचं तिचं होतं.

तिने फडक्याने पेस्ट पुसायला घेतली. पेस्ट म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्या मध्ये लावायचा मलमासारखा लेप. त्यात एक बारीक पांढुरका कण चिकटला होता. नखाने तो तिने बाजूला काढला. मग प्रोसेसरचं पत्र्याचं डोकं स्वच्छ झालं आणि त्यावर कोरलेली अक्षरं दिसली.

ती अक्षरं तिने तीनदा वाचली. हा प्रोसेसर चार कोअरचा होता, दोन पिढ्या जुना. हा तिचा नव्हताच.

२

"मी म्हणत होतो की नाही?" दाजी म्हणाले. संतोष दाजी, तिच्या मोठ्या बहिणीचे, तृप्तीचे यजमान. सिडकोत त्यांचा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ होता. अण्णा गेल्यापासून या घरातलं प्रत्येक मोठं बोलणं दाजींना विचारून व्हायचं, आणि दाजींनाही विचारलं जाण्याची चटक लागली होती. "स्वस्तातला माल, आणि वरून पोरीच्या हातची जोडणी. दुकानदाराने गंडवलं आणि हिने पिना वाकवल्या. दोघांनी मिळून वाट लावली."

"सकाळी चालू झाला होता," हर्षाली म्हणाली. "आठ कोअर दिसत होते पडद्यावर."

"कुणी पाह्यलं?"

"मी पाहिलं."

"तू सोडून."

आईने पाहिलं होतं, पण आईला पडदा उजळला एवढंच कळलं होतं. ती पदराशी चाळा करत राहिली. हर्षालीचा भाऊ ललित मोबाइलमधून मान वर काढत नव्हता. तृप्तीताई नवऱ्याकडे न बघता ताटातले अनारसे डब्यात भरत होती.

"हर्षू, मनाला लावून घेऊ नको," दाजी आता मायेच्या सुरात आले. हा सूर हर्षालीला त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त डोक्यात जायचा. "मला त्या मशीनमधलं काही कळत नाही, माझ्याकडे त्यासाठी माणूस आहे. पण साधी गोष्ट आहे. आईंचा भाव चांगला, पण कुंकू त्या अक्षरांत जाऊन बसलं की झालं. तापणारच ते. मशीन आहे, देव्हारा नाही."

सगळ्यांनी कॅबिनेटकडे पाहिलं. त्याच्या काळ्या दारावर आईने सकाळी कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं. ललित फिस्सकन हसला. आईचं तोंड एवढंसं झालं.

"आपलं काय ठरलं होतं?" दाजींनी विचारलं.

ठरलं होतं ते हर्षालीला पाठ होतं. हा तिचा खटाटोप फसला, तर तिने दाजींच्या स्टुडिओत बसायचं. लग्नांचे व्हिडिओ कापायचे, त्यावर गाणी चढवायची. पगाराचा विषय निघाला की दाजी म्हणायचे, घरच्या माणसाला कसला पगार, तुझ्या लग्नात बघू की. आई या बोलण्यावर डोळ्यांत पाणी आणायची, आणि हर्षालीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं.

"सोमवारपासून ये," दाजी उठत म्हणाले. "आणि त्या दुकानदाराच्या नादी लागू नको. गेलं ते गेलं."

तिने मान हलवली नाही. गेलं ते गेलं म्हणण्याची दाजींना एवढी घाई का, हा प्रश्न तेव्हा तिला पडला नाही. तिला दुकानदाराच्या नरडीला हात घालायचा होता.

३

सकाळी एम. जी. रोडवरचं भिकनशेठचं दुकान उघडायच्या आधी हर्षाली शटरसमोर उभी होती. भिकनशेठ सटाण्याकडचा, बोलण्यात अहिराणी मिसळणारा माणूस. तोंडाने फटकळ, आणि गिऱ्हाइकाला चहा पाजल्याशिवाय न सोडणारा. तिने चहा नाकारला आणि प्रोसेसर काउंटरवर आपटला.

"आठ कोअरचे पैसे घेतले आणि हे दिलं मला?"

भिकनशेठने तो उलटा केला, सुलटा केला. "ताई, हा आपला नाय. आपण असला माल ठेवतच नाय. तुमच्यासमोर लावून दाखवला होता ना मी? आपला माल एक नंबर शे."

"दुकानात दाखवला एक आणि डबीत घातला दुसरा."

"डबी तुमच्याच हातात दिली." त्याचाही आवाज चढला. "बाईमाणूस म्हणून ऐकून घेतो. दुसरा कोणी असता तर बाहेर काढला असता."

"काढा ना."

दोघंही क्षणभर एकमेकांकडे खाऊ की गिळू असं पाहत राहिले. मग भिकनशेठने ड्रॉवरमधून स्पिरिटची बाटली काढली, कापसाचा बोळा भिजवला आणि प्रोसेसरचं डोकं घसाघसा पुसलं. "कुठून आला ते बघू द्या. वापरलेला माल आपली खूण सांगतो." बोळा काळपट झाला. त्याने दुसरा घेतला. तोही काळपट.

हर्षाली त्या बोळ्याकडे बघत राहिली आणि तिचा राग जागच्या जागी थांबला.

काल सकाळी, जोडणीच्या आधी, ती हात धुवायला मोरीत गेली होती. परत आली तर आई टेबलापाशी उभी. समोर उघड्या डबीत प्रोसेसर, आणि त्याच्या चकचकीत डोक्यावर ओल्या हळदी-कुंकवाचं ठसठशीत बोट. दसऱ्याला आई विळीला लावते, शिलाई मशीनला लावते, तसं तिने ह्यालाही लावलं होतं. हर्षाली अशी ओरडली होती की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. मग तिने असल्याच स्पिरिटने ते पुसलं, आणि कापूस आधी पिवळा, मग भगवट लाल झाला. तीन बोळे झाले तरी कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत लाली राहिलीच. आईचा पडलेला चेहरा बघून तिने तेवढी राहू दिली, वर पेस्ट लावली आणि कूलर बसवला. चिडून आईला एवढंच म्हणाली, लावायचं तर बाहेरून लाव. म्हणून कॅबिनेटच्या दारावर स्वस्तिक आलं.

म्हणजे दुकानातून घरी आला त्या प्रोसेसरला आईचं कुंकू लागलं होतं. समोर पडला होता त्याला कुंकू कधीच लागलं नव्हतं. भिकनशेठने डबीत खरा माल दिला होता. अदलाबदल झाली होती ती कुंकवानंतर, तिच्या घरात, तिच्या खोलीत.

"चुकले मी, शेठ," ती म्हणाली.

"चहा सांगू का आता?" भिकनशेठने विचारलं. ती नको म्हणेपर्यंत त्याने समोरच्या टपरीकडे बोट केलं होतं.

चहा पिताना तिने एकच गोष्ट विचारली. "हे करायला किती वेळ लागतो?"

"ज्याला येतं त्याला काय, चार स्क्रू आणि एक दांडी. पण ह्याला धड येत नव्हतं. नुसतं बघून शिकलेल्यातला दिसतो. प्रोसेसर तिरपा धरून दाबला, पिना वाकल्या, मग दांडी बसेना. तशीच उभी सोडून वरून कूलर कसला." त्याने पिनांवरून अलगद बोट फिरवलं. "आणि ताई, एक ध्यानात घ्या. हा घेऊन आला तो माणूस. असला प्रोसेसर रस्त्यात सापडत नाय. त्याला आधीपासून ठाऊक होतं की तुमच्या बोर्डाला हा बसतो."

४

कुंकू लावलं तेव्हा घरात आई आणि हर्षाली दोघीच होत्या. दुपारी जेवणं झाल्यावर आई, ताई आणि ती अशा तिघी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, दिवे सोडायला गेल्या. अधिक महिन्याची रामकुंडावर ही गर्दी, परतायला ऊन कललं. मागे घरात दोन माणसं राहिली. तिच्या खोलीत पंख्याखाली आडवे झालेले दाजी, आणि बाहेर ललित. परत आल्यावर दाजी म्हणाले होते, मी आपला गाढ झोपलो होतो, ललित होता ना घरात.

ललित तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि अक्कल तिच्याहून दहा वर्षांनी लहान. दिवसभर मोबाइलवर गेम खेळायचा आणि नोकरी शोधतोय म्हणायचा. हर्षालीने त्याला गच्चीवर गाठलं. त्याच्या कानांवर नवेकोरे हेडफोन होते.

तिने ते ओढून काढले. "दादा, हे कुठून आले?"

"मित्राचेत."

"काल दुपारी कुठं होतास?"

"घरीच. दाजींना विचार."

"दाजी म्हणतात ते झोपले होते. झोपलेला माणूस तू घरी होतास हे कसं सांगेल? माझा प्रोसेसर विकलास आणि हे आणलेस. हो की नाही?"

ललितने आधी आवाज चढवला. मग तिच्या हातातले हेडफोन गच्चीच्या कठड्याबाहेर लोंबकळताना पाहिले आणि तो उतरला. "प्रोसेसर नाही गं. तुझा जुना बोर्ड. तू काढून ठेवलेला, त्याच्या प्रोसेसरसकट. द्वारका चौकात एक भंगारवाला घेतो. तुम्ही गेल्या-गेल्या मी निघालो, तुमच्याआधी थोडासा आलो. हवं तर त्याला फोन लाव."

तिने खरंच लावला. भंगारवाल्याने बोर्डाचं वर्णन सांगितलं. अण्णांच्या वेळचा, वेगळ्याच सॉकेटचा. त्याच्यावरचा प्रोसेसर नव्या बोर्डात बसलाच नसता. ललित चोर होता, पण ह्या चोरीचा नव्हता. बहिणीचा जुना बोर्ड न विचारता विकून वर तो तिला हसला होता, ह्याचा हिशेब तिने पुढे कधीतरी करायचं ठरवलं.

"तू निघालास तेव्हा दाजी काय करत होते?"

"झोपले होते. आतून कडी लावून."

"कडी लावून? एवढ्या उकाड्यात?"

"मला काय माहीत. जावईबापू आहेत, लावतील कडी." मग त्याला काहीतरी आठवलं. "उशाशी अनारशांची ताटली होती त्यांच्या. आईने ठेवली होती. मी एक मागितला तर आई म्हणाली, वाण दिल्याशिवाय घरात कुणी तोंड लावायचं नाही, जावयाचं सोडून. डब्याला तर दोरा बांधून ठेवलेला."

हर्षालीने हेडफोन त्याच्या हातात दिले. ती जिन्याने खाली धावत आली आणि खोलीत शिरली. काल पेस्टमधून नखाने काढलेला तो कण अजून टेबलावरच्या फडक्याला चिकटलेला होता. तिने तो उजेडात धरला. गोल, पांढुरका, मोहरीहूनही बारीक.

खसखस होती ती. अनारशाची.

५

आई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. हर्षाली तिच्यासमोर बसली. राग आवाजात येऊ द्यायचा नाही असं तिने ठरवलं होतं. ते जमलं नाही.

"आई, तू प्रोसेसरला कुंकू लावलंस हे कुणाला सांगितलंस?"

"अजून तेच?" आईचे डोळे भरले. "चुकलं माझं. आता काय फाशी देतेस?"

"मी तुला दोष देत नाही. फक्त सांग. ताईला? दादाला? दाजींना?"

"कुणाला सांगू? तू अशी अंगावर आलीस, मला मेलीला लाज वाटली. देवाचं कुंकू लावलं आणि पोरीने पुसून टाकलं, हे काय सांगायचं असतं चारचौघांत?"

"मीही कुणाला बोलले नाही. मग दाजींना कसं कळलं?"

"त्यांना काय कळायचंय, स्वस्तिक समोर दिसत होतं."

"स्वस्तिक दारावर आहे, आई. दारावर अक्षर तरी आहे का एक?" हर्षालीने ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. "कुंकू त्या अक्षरांत जाऊन बसलं. ती अक्षरं प्रोसेसरच्या डोक्यावर असतात, आणि माझ्या प्रोसेसरचं डोकं पेस्टखाली होतं, पेस्ट कूलरखाली होती. ज्याने कूलर काढून पेस्ट पुसली, त्यालाच कुंकू दिसणार."

आईचा तांदळातला हात थांबला. सुपातला एक खडा तिने उगाचच दोनदा उचलून परत टाकला.

"तू काय बोलतेस ते कळतंय का तुला? काल मी त्या माणसाचे पाय धुतलेत. लक्ष्मीनारायण म्हणून ओवाळलंय."

"लक्ष्मीनारायणांनी तुझे अनारसे खाल्ले आणि त्याच बोटांनी माझा प्रोसेसर उपटला." तिने फडक्यावरची खसखस आईपुढे धरली. "त्यांच्याशिवाय तोवर कुणी अनारसा चाखला होता?"

आईने तो कण बोटावर घेऊन पाहिला.

"आणि मागच्या आठवड्यात फोनवर त्यांनी मला काय विचारलं? बोर्ड कुठल्या सॉकेटचा घेतेस. ज्या माणसाला मशीनमधलं काही कळत नाही, त्याला सॉकेट कशाला हवं? मी मूर्ख, वाटलं काळजीने विचारतायत. आपला जुना प्रोसेसर बसेल का, हे बघत होते ते. तो माझ्या मशीनमध्ये घालायचा, माझा आपल्याला न्यायचा. मशीन हळू चाललं असतं, तर सगळे म्हणाले असते स्वस्तातला माल, असंच चालणार. पिना वाकल्या म्हणून ते बंदच पडलं, एवढीच त्यांची चूक. आणि त्या चुकीवर मी त्यांच्या स्टुडिओत फुकट राबायला जायचं. माझा प्रोसेसर तिथं, आणि मीही तिथं."

आई सुपातले तांदूळ हाताने एकसारखे करू लागली. हर्षालीला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ दे, तुझ्या ताईचा संसार आहे. हे वाक्य ह्या घरात इतक्यांदा म्हटलं गेलं होतं की भिंतींनाही पाठ झालं असेल. ते आज ऐकू आलं असतं, तर हर्षालीने घर सोडलं असतं.

आईने सूप बाजूला ठेवलं. "फोन दे," ती म्हणाली. "दोघांना बोलावून घेते. वाणावरचा चांदीचा दिवा द्यायचा राहिला म्हणून सांगते."

६

दाजी आले ते दिव्याच्या आशेने हसतच आले. आईने पाटही मांडला नाही, हे त्यांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

हर्षालीने उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. भिकनशेठच्या कापसापासून सुरुवात केली, ललितच्या भंगारापाशी त्याला मान खाली घालायला लावली, मग बंद दाराची कडी, मग खसखस, मग सॉकेटचा प्रश्न. शेवटी तिने दाजींचंच वाक्य दाजींना ऐकवलं.

"कुठली अक्षरं, दाजी? दाखवा मला ह्या कॅबिनेटवर."

दाजींनी कॅबिनेटकडे पाहिलं. "बोलण्याच्या ओघात म्हणतो माणूस. म्हणजे... सर्किटवर असतात ती."

"सर्किटला कुंकू लागलंच नव्हतं. आणि प्रोसेसरला लागलं होतं हे मला आणि आईला सोडून फक्त एकालाच ठाऊक असणार."

"आई, ही काय पद्धत झाली?" दाजींचा आवाज फाटला. "अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून चोर ठरवता? ललित, तू तरी बोल. एका खसखशीच्या दाण्यावर?"

"दाण्यावर कशाला?" हर्षाली म्हणाली. "चला सिडकोत. तुमच्या मशीनचा कूलर काढू. आत तुमचा चार कोअरचा असेल तर मी तुमचे पाय धरीन आणि उद्यापासून फुकट कामाला येईन."

"जावयाच्या दुकानाची झडती घेणार तुम्ही? माझी काही इज्जत आहे की नाही सिडकोत?"

इज्जत हा शब्द निघाला की ह्या घरातले सगळे गप्प बसायचे. दाजींना ते चांगलं ठाऊक होतं आणि त्यांनी खांदे सैल सोडले.

तेव्हा तृप्तीताई उठली. टीपॉयवरची नवऱ्याच्या स्कूटरची आणि स्टुडिओची किल्ली तिने उचलली.

"तृप्ती, कुठं निघालीस?"

"परवा रात्रीपर्यंत तुमचं मशीन रडत होतं," ताई म्हणाली. "काल घरी गेल्यावर जेवायच्या आधी तुम्ही स्टुडिओत गेलात, आणि आज सकाळपासून ते पळतंय. मी विचारलं, तर म्हणालात, साफसफाई केली. आणि तुमचा रुमाल मी सकाळी धुतला. गुलाबी झाला होता. मला वाटलं, वाणाचं कुंकू." तिने चप्पल पायात सरकवली. "बसा तुम्ही. मी घेऊन येते."

दाजी तिच्यामागे जायला निघाले, तर आई दारात उभी राहिली. जावयाला अडवायचं म्हणजे काय करायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून ती नुसती उंबऱ्यावर बसली. तिला ओलांडून जायची हिंमत दाजींना झाली नाही.

ताई परतली तेव्हा स्टुडिओचं अख्खं मशीन स्कूटरच्या पायठेवणीवर, ओढणीने बांधलेलं होतं. ललितने ते न सांगता वर आणलं. हर्षालीने चार स्क्रू सैल केले, पंखा डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवला, दांडी वर केली आणि प्रोसेसर तळहातावर घेतला. स्पिरिटचा पहिला बोळा काळपट झाला. दुसरा किंचित गुलाबी. मग पत्र्याचं डोकं चमकलं, आणि कोरलेल्या नावाच्या एका वळणात, जिथं बोळा पोचत नाही तिथं, भगवट लाल रेघ दिसली.

आईने ती बोटाने चाचपली. "माझंच आहे," ती म्हणाली. "ह्या वर्षीचं कुंकू जरा भगवं निघालंय."

दाजी आता हसायचा प्रयत्न करत होते. "अहो, घरातल्या घरात... मी परत देणारच होतो. हर्षूला स्टुडिओत घेतलं असतं, म्हणजे शेवटी ते तिच्याच हातात असतं ना."

इतका वेळ हर्षालीला वाटत होतं की पुरावा हाती आला की राग निवेल. निवला नाही. त्या वाक्याने तो दुप्पट झाला. पकडल्या गेलेल्या चोराचा आला नसता इतका राग तिला ह्या माणसाचा आला, ज्याला अजूनही आपण तिचं भलं करतोय असं वाटत होतं.

"आई," दाजी म्हणाले, "वाणात दिलेलं परत मागू नये म्हणतात."

"वाणात अनारसे दिले होते," आई उंबऱ्यावरून म्हणाली. "ते ठेवा तुम्ही. माझी लेक दिली नव्हती त्यात. ही नाही आणि तीही नाही. तृप्ती तिला वाटेल तेव्हा तुमच्याकडे येईल."

ताईने सिडकोतून येताना सोबत उचललेला अनारशांचा डबा पिशवीतून काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्यावर हर्षालीने वाकड्या पिनांचा चार कोअरचा प्रोसेसर ठेवला. दाजी खाली गेले. स्कूटरची किल्ली ताईच्याच मुठीत राहिली होती, त्यामुळे त्यांना रिक्षा करावी लागली. ललित खिडकीतून बघत होता, पण ह्या वेळी त्याला हसू आलं नाही.

हर्षालीने टेबल पुसलं. बोर्डाचं सॉकेट दिव्याखाली धरून एकेक छिद्र तपासलं. सॉकेट धड होतं. पिना त्या परक्या प्रोसेसरच्याच वाकल्या होत्या, बोर्डाला काही झालं नव्हतं. सोमवार अजून दोन दिवसांवर होता. तिने आठ कोअरचा प्रोसेसर नेमक्या कोपऱ्याशी जुळवून सोडला, तो आपल्या वजनाने आत बसला, आणि तिने दांडी अडकवली.

पेस्टची नळी हातात घेतली तेव्हा आई मागे येऊन उभी होती. हातात करंडा होता. पुढे यायचं की नाही हे तिला ठरवता येत नव्हतं.

"बाहेरून लावते," ती घाईने म्हणाली. "दारावर. तू म्हणशील तिथं."

हर्षालीने पेस्टची नळी खाली ठेवली आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"थोडंसंच लाव," ती म्हणाली. "पण अक्षरांत लाव."